नवा सीएनसी ऑपरेटर तयार करताना: काय, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या क्रमाने शिकवायचं

जॉबवर्क करणाऱ्या छोट्या मशीनशॉपमध्ये नवा मुलगा लागला की बहुतेक ठिकाणी त्याला एखाद्या जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करतात आणि सांगतात, "बघ मामा कसं करतात ते." चार दिवसांनी मामा सुट्टीवर जातात, किंवा रात्रपाळीला माणूस कमी पडतो, आणि मुलगा मशीनवर एकटा असतो. जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) लावणं, दार लावणं, हिरवं बटण दाबणं त्याला येतं. काय दिसलं की मशीन थांबवायचं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. महिनाअखेर रिजेक्शनची क्रेट भरते आणि सगळं खापर "पोरगं लक्ष देत नाही" यावर फुटतं.

हा लेख अशा सुपरवायझरसाठी, इंजिनिअरसाठी किंवा मालकासाठी आहे, ज्याच्यावर माणसं शिकवायची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: सीएनसी लेथवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं, जॉब फिरवून कापणारं मशीन) स्टीलचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, बाहेरचा व्यास ३२ मिमी, बोअर (आतलं भोक) २० एच७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिमीच्या आत. बाहेरून टर्निंग झालेलं आहे, आता फक्त बोअर करायचा आहे. तुमच्याकडे प्रेस, वेल्डिंग किंवा असेंब्ली असेल तर तपशील बदलतील, रीत हीच चालेल.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. कुठल्याही कामात चार प्रकारचं शिकणं असतं: हाताची सवय, मोजण्यातली आणि पारखण्यातली अचूकता, डोक्याने घ्यायचा निर्णय आणि नुसती माहिती. हाताची सवय वर्गात बसून लागत नाही, आणि ड्रॉइंगवरची चिन्हं मशीनच्या आवाजात ओरडून समजावता येत नाहीत. पद्धत निवडायची ती यावरून. वर्ग, व्हिडिओ, शेजारी उभं करणं यांतलं "सगळ्यात चांगलं कोणतं" या वादात वेळ घालवू नका.

हाताशी काय हवं

- चालू ड्रॉइंग आणि सेटिंग शीट, दोन्हींवर एकच रिव्हिजन नंबर
- कामाचे तुकडे लिहिलेला कागद (पायरी १ पाहा)
- गो-नोगो प्लग गेज (बोअर मापात आहे का ते तपासायचा दोन बाजूंचा दांडा), २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर, त्याचा २५ मिमीचा सेटिंग रॉड. तिन्हींचं कॅलिब्रेशन चालू असलेलं
- रिजेक्शनमधून जपून ठेवलेले खरे खराब पीस, किमान दहा
- लाल क्रेट, पिवळी क्रेट, चिप ओढायचा हुक, ब्रश, सेफ्टी शूज, चष्मा
- चाचणीचा कागद आणि स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, पायरी ९ पाहा)
- शिकवणाऱ्याचा मोकळा वेळ. यादीतली सगळ्यात महाग वस्तू हीच, आणि बहुतेकदा हीच विसरली जाते.

१. कामाचे तुकडे करा

ऑफिसात बसून आठवणीने लिहू नका. मशीनपाशी जा. एकाने काम सावकाश करायचं, दुसऱ्याने लिहायचं. कागदावर तीन रकाने आखा: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. कळीचा मुद्दा तोच, ज्याच्यावर काम बनतं किंवा बिघडतं, ज्याने इजा होऊ शकते, किंवा ज्या युक्तीने काम सोपं जातं. बाकीचं लिहू नका. आमच्या बुशचा कागद साधारण असा होईल:

- चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) आणि स्टॉपर (जॉब ज्याला टेकवायचा तो) साफ करणे. कळीचा मुद्दा: आधी ब्रश, मग स्टॉपरच्या तोंडावरून कापड. कारण: जॉब आणि स्टॉपरमध्ये एक बारीक चिप अडकली तरी लांबी चुकते आणि फेस बोअरशी काटकोनात राहत नाही.
- जॉब लावणे. कळीचा मुद्दा: जॉब स्टॉपरला टेकवून धरायचा, मगच फूटस्विच दाबायचा, बोटं जॉच्या (चकच्या जबड्यांच्या) मध्ये नकोत. कारण: अर्धवट टेकलेला जॉब वाकडा धरला जातो, बोअर आणि बाहेरचा व्यास एककेंद्री राहत नाहीत.
- चकचा दाब पाहणे. कळीचा मुद्दा: काटा सेटिंग शीटवरच्या आकड्यावरच हवा. कारण: दाब जास्त असला तर पातळ भिंतीचा बुश तीन जॉपाशी दबतो, बोअर गोल कापला जातो आणि चक उघडल्यावर तिकोनी होतो. दाब कमी असला तर जॉब सुटून उडतो.
- दार लावून सायकल सुरू करणे. कळीचा मुद्दा: पहिले काही सेकंद नजर टूलवर. कारण: काही चुकलं असेल तर ते बहुतेक वेळा टूल जॉबजवळ येतानाच दिसतं.
- जॉब काढून बर (कडेला राहिलेली धातूची धारदार किनार) काढणे. कळीचा मुद्दा: दोन्ही तोंडांची. कारण: बर राहिली तर गो गेज चांगल्या पीसमध्येही अडकतो.
- तपासणे. कळीचा मुद्दा: पुसून, गार झाल्यावर. कारण पायरी ४ मध्ये सविस्तर आहे.

सहा-सात पायऱ्यांच्या वर कागद गेला तर त्याचे दोन धडे करा. एका बैठकीत माणूस तेवढंच धरून ठेवतो. कारणाचा रकाना मात्र गाळू नका. नियम दबावाखाली मोडला जातो. कारण ठाऊक असलेला माणूस मोडण्याआधी निदान एकदा थबकतो.

२. शिकवणारा निवडा, आणि त्याचं टार्गेट कमी करा

सगळ्यात चपळ ऑपरेटर चांगला शिकवेलच असं नाही. त्याच्या हातात काम इतकं मुरलेलं असतं की आपण काय करतो हे त्यालाच सांगता येत नाही. "असं अलगद बसवायचं" एवढंच तो म्हणतो. अलगद म्हणजे किती, हे ज्याला शब्दांत किंवा हात धरून सांगता येतं, तो निवडा.

शिकवणाऱ्याच्या खिशाचाही विचार करा. त्याला पीसवर किंवा शिफ्टच्या उत्पादनावर इन्सेंटिव्ह मिळत असेल, तर शिकवण्यात गेलेला प्रत्येक तास त्याच्या पगारातून जातो. मग तो नव्या मुलाला चिप उचलायला आणि क्रेट सरकवायला लावतो. त्याची तरी काय चूक? पहिले तीन दिवस त्याचं टार्गेट निम्म्यावर आणा, पुढचा आठवडा पाऊण ठेवा आणि इन्सेंटिव्ह त्याच्या आधीच्या सरासरीप्रमाणे द्या. एका शिकवणाऱ्याकडे एका वेळी एकच शिकाऊ, फार तर दोन.

जुन्या माणसाच्या मनात आणखी एक भीती असते: याला सगळं शिकवलं तर माझी किंमत काय राहिली? ती बोलून दाखवली जात नाही, हातचं राखून शिकवण्यात दिसते. शिकवणारा हा वेगळा दर्जा समजा, त्याचं नाव मॅट्रिक्सवर वरच्या पातळीला लावा, आणि पगारवाढीत ते मोजा. नुसतं प्रमाणपत्र देऊन हे भागत नाही.

३. पहिला अर्धा दिवस: मशीनला हात नाही

सुरक्षिततेचं दोन तासांचं भाषण पहिल्याच दिवशी कुणाच्या डोक्यात शिरत नाही. अर्धा तास बोला, मग शॉपमध्ये फिरवा आणि प्रत्येक गोष्ट त्याच्याच हातून करून घ्या. इमर्जन्सी स्टॉप कुठे आहे ते दाखवून पुरत नाही. सेटर (मशीन सेट करून देणारा अनुभवी माणूस) शेजारी असताना, मशीन रिकामं असताना, त्याला तो प्रत्यक्ष दाबू द्या. घाबरलेला हात अनोळखी बटणाकडे जात नाही.

या गोष्टी ठासून सांगा: फिरत्या चकजवळ हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. कडं, अंगठी, गळ्यातला गमछा, लोंबती बाही नाही. चिप हाताने नाही, हुकाने. एअर गनने अंगावरचे कपडे साफ करायचे नाहीत. कूलंट सांडलं तर आधी पुसायचं.

दाराचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) बायपास करून ठेवलेलं एखादं मशीन तुमच्या शॉपमध्ये असेल, तर शिकाऊ आणण्याआधी ते दुरुस्त करा. तुमच्या भाषणापेक्षा ते मशीन जास्त शिकवतं.

भाषेचं भान ठेवा. चाकण, भोसरी, वाळूज, अंबडसारख्या ठिकाणी निम्मी माणसं हिंदी, भोजपुरी किंवा ओडिया बोलणारी असू शकतात. इंग्रजी वर्क इन्स्ट्रक्शन ऑडिटरसाठी लावली जाते, ऑपरेटर ती वाचत नाही. तुमच्याच मशीनचे फोटो काढा, त्यावर बाण आणि आकडे द्या, खाली मराठी-हिंदीत एकेक ओळ लिहा.

४. गेज आधी, मशीन नंतर

बहुतेक जण आधी मशीन शिकवतात आणि तपासणी जाता जाता उरकतात. क्रम उलटा करा. चांगला पीस कसा असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात मशीन देऊ नका.

यासाठी मोठ्या गाडी कंपन्यांत 'डोजो' नावाची वेगळी खोली असते. शब्द जपानी, अर्थ सरावाची जागा. छोट्या शॉपला खोली लागत नाही. खिडकीजवळचं एक टेबल, चांगला दिवा आणि मागे खराब पीसचा फलक एवढं पुरतं. फलकावर फोटो नकोत, खरे पीस लावा: चॅटर (टूल थरथरल्याच्या खुणा), राहिलेली बर, टूलची रेघ, टेपर झालेला (एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद) बोअर, आपटलेली कड, गंज. प्रत्येकाखाली दोनच ओळी: हे का होतं, आणि दिसलं तर काय करायचं. मशीन थांबवून सेटरला बोलवायचं, की पीस बाजूला ठेवून काम चालू ठेवायचं? ही दुसरी ओळच बहुतेक फलकांवर नसते.

मायक्रोमीटरपासून सुरुवात करा. २५ ते ५० मिमीच्या मायक्रोमीटरचा शून्य रिकाम्या जबड्यांवर पाहता येत नाही, २५ मिमीच्या सेटिंग रॉडवर पाहावा लागतो. नवा मुलगा हे विसरतो, आणि चुकीच्या शून्यावर दिवसभर अगदी प्रामाणिकपणे मोजत राहतो. दोन्ही टोकं पुसायची, रॅचेटनेच फिरवायचं, दोन-तीन टिकटिक झाल्या की थांबायचं. थिंबल (मायक्रोमीटरची फिरती नळी) धरून आवळलं तर माप कमी येतं.

प्लग गेज हलक्या हाताने, सरळ. गो बाजू पूर्ण लांबीभर गेली पाहिजे, नोगो आत जाता कामा नये. गेज जात नाही म्हणून फिरवत दाबला किंवा वर ठोकला, तर गेज घासतो आणि पीसची खरी स्थिती लपते. "जरा जोर लावला की जातो" म्हणजे तो जात नाही.

गरम जॉबचं गणित प्रत्यक्ष करून दाखवा, कारण सांगून ते कुणाला खरं वाटत नाही. स्टील दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. २० मिमीचा बोअर २० अंशांनी जास्त गरम असेल तर तो साधारण साडेचार मायक्रॉन मोठा दिसतो. आपली पूर्ण टॉलरन्सच (मापात चालणारी तफावत) २१ मायक्रॉन आहे, म्हणजे पाचवा हिस्सा गरमीतच गेला. मशीनमधून काढल्या काढल्या ज्या पीसमध्ये गो अगदी जेमतेम गेला, तो चहानंतर तपासला तर अडकू शकतो. एकच पीस गरम असताना आणि अर्ध्या तासाने, असा दोनदा तपासायला लावा. हा धडा पुन्हा द्यावा लागत नाही.

तिकोनी बोअरची गोष्टही इथेच सांगा. दोन बिंदूंवर मोजणाऱ्या बोअर गेजने तीन कोपऱ्यांचा आकार सापडत नाही, कारण कुठेही मोजलं तरी समोरासमोरचं अंतर जवळपास सारखंच येतं. आकडा बरोबर दिसतो आणि तरी गो गेज अडकतो. असं झालं की शिकाऊने गेजवर शंका घेण्याआधी चकच्या दाबाकडे पाहायचं.

मग चाचणी. ३० बुश घ्या: २० चांगले, १० खराब, आणि त्या दहांतले निम्मे अगदी सीमेवरचे. नंबर त्याला दिसणार नाहीत असे टाका. एकदा तपासायला लावा, क्रम बदलून पुन्हा लावा. एकही खराब पीस चांगला म्हणून गेला, तर अजून सराव हवा. चांगले एक-दोन पीस त्याने बाजूला काढले तर पहिल्या आठवड्यात चालेल. एकाच पीसला दोन वेळा दोन उत्तरं आली तर त्याची हातोटी पाहा, बहुतेकदा गेज तिरका जात असतो.

५. मशीनवर: चार पायऱ्यांची रीत

हीच रीत सगळ्यात जास्त कामाला येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली अमेरिकेत 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. नवख्या माणसांकडून युद्धसामग्री भराभर बनवून घ्यायची होती, तेव्हा सुपरवायझरांना शिकवायचं कसं ते शिकवलं गेलं. युद्धानंतर ती रीत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांत मुरली. कागदावर ती इतकी साधी दिसते की कुणी मनावर घेत नाही.

*तयारी.* त्याला आधी काय येतं ते विचारा. आयटीआयचा टर्नर असेल तर अर्धा कागद त्याला ठाऊक असेल. शिकाऊला समोर उभं करू नका, शेजारी घ्या. समोरून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं.

*दाखवणं.* तीनदा. पहिल्यांदा फक्त पायऱ्या बोलत काम करा. दुसऱ्यांदा पायऱ्या आणि कळीचे मुद्दे. तिसऱ्यांदा पायऱ्या, मुद्दे आणि कारणं. मध्येच "मागच्या वर्षी काय झालं माहीत आहे का" सुरू करू नका, त्याचा धागा तुटतो.

*करून घेणं.* चारदा. पहिल्यांदा तो गप्प राहून करेल. चूक होताना दिसली तर पूर्ण होऊ देऊ नका, तिथेच थांबवा, कारण हात चुकीची सवयही तितक्याच पटकन पकडतो. दुसऱ्यांदा पायऱ्या बोलत, तिसऱ्यांदा मुद्दे सांगत, चौथ्यांदा कारणं सांगत. चौथ्या वेळी तो अडला तर तुमचं दाखवणं कमी पडलं. पुन्हा मागच्या पायरीवर जा.

*सोडणं.* एकटं सोडताना तीन गोष्टी सांगा: अडलं तर कुणाला विचारायचं (नावानिशी), शंका आलेला पीस कुठे ठेवायचा (पिवळी क्रेट), आणि मी पुन्हा कधी येईन. पहिल्या शिफ्टला दर अर्ध्या तासाने चक्कर मारा, तिसऱ्या दिवसापासून दोन तासांनी, दुसऱ्या आठवड्यात शिफ्टमधून दोनदा.

इथे नेहमी पडणारे खड्डे तीन. पहिला, "समजलं का?" हा प्रश्न. याचं उत्तर कायम "हो साहेब" असतं. त्याऐवजी "स्टॉपर का पुसायचा?" असं विचारा. दुसरा, शिकवणाऱ्याचा हात. मुलगा अडखळला की मामा त्याच्या हातातून जॉब घेऊन स्वतः लावतात. मामांनी हात पाठीमागे बांधावेत, अगदी शब्दशः. तिसरा, पहिल्याच दिवशी सायकल टाइमची घाई. वेग आपोआप येतो. आधी वेग आला तर पायऱ्या गळायला लागतात, आणि पहिली गळते ती स्टॉपर पुसण्याची.

६. ऑफसेट आणि इन्सर्ट बदल: आधी कागदावर

ऑफसेट म्हणजे टूलच्या जागेत कंट्रोलवरून केलेली बारीक दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे टूलचं बदलता येणारं पातं. हे निर्णयाचं काम आहे, बघून येत नाही. किमान तीन-चार आठवडे मशीन चालवल्याशिवाय ते हातात देऊ नका, आणि दिल्यावरही मशीनआधी कागदावर गणितं सोडवून घ्या. उदाहरणार्थ: बोअर १९.९९० आला, २०.०१० हवा, एक्समध्ये (व्यासाच्या दिशेच्या अक्षात) किती, कोणत्या चिन्हाने? उत्तर अधिक ०.०२०, कारण लेथवर हा आकडा सहसा व्यासात दिला जातो. बाहेरचा व्यास ३२.०३ आला, ३२.०० हवा, उत्तर उणे ०.०३. अशी दहा गणितं, आणि दहाच्या दहा बरोबर येईपर्यंत मशीन नाही.

चुका ठरलेल्या आहेत. ०.०२ ऐवजी ०.२ टाकणं. अधिक-उणे उलटं होणं. आणि फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर 'प्लस इनपुट' ऐवजी 'इनपुट' दाबणं: पहिल्याने आधीच्या आकड्यात भर पडते, दुसऱ्याने जुना आकडा पुसून नवा बसतो. वेअर ऑफसेटमध्ये (टूलची झीज भरून काढायच्या आकड्यात) आधी ०.१५० असेल आणि त्याने ०.०२० टाकून 'इनपुट' दाबलं, तर त्याला वाटतं आपण बोअर २० मायक्रॉन वाढवला, प्रत्यक्षात तो १३० मायक्रॉनने लहान होतो. म्हणून नियम करा: ०.०५ पेक्षा मोठा बदल सेटरला विचारूनच. वेअर ऑफसेटला कंट्रोलमध्ये मर्यादा घालता येते, तीही घालून घ्या.

बोअरिंगचा इन्सर्ट बदलल्यावर आधी ऑफसेट, सेटरला विचारून, मुद्दाम ०.२ ने कमी करायला शिकवा. पहिला पीस लहान येईल, मोजून दुरुस्त करता येईल. मोठा झालेला बोअर परत भरता येत नाही. पहिली हालचाल सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापतानाची जलद चाल) २५ टक्क्यांवर, बोट फीड होल्डवर (टूलची चाल थांबवायच्या बटणावर). आणि तो पीस पहिला पीस म्हणून पुन्हा पास करून घ्यायचा, शिफ्टच्या मध्यात असला तरी.

७. बाकीच्या पद्धती, थोडक्यात

वर्ग: ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्सची चिन्हं, कागदपत्रं भरणं यासाठी. ४५ मिनिटांच्या वर नको, आणि जेवणानंतर तर नकोच.

व्हिडिओ: एका व्हिडिओत एकच क्रिया, दोन मिनिटांच्या आत, ऑपरेटरच्या खांद्यामागून घेतलेला. क्वचित करायच्या कामांसाठी, जसं की जॉ बदलणं, छान. ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर चौकटीत येऊ देऊ नका.

शिफ्टआधीची पाच मिनिटं: काल सापडलेला एकच दोष, खरा पीस हातात घेऊन. पाच सूचना दिल्या तर एकही उरत नाही.

जॉब रोटेशन: एक मशीन स्वतंत्रपणे येईपर्यंत नाही. दर आठवड्याला मशीन बदललेला मुलगा सगळीकडे हेल्परच राहतो.

बाहेरचं प्रशिक्षण: मशीन बसवताना मशीन कंपनी जे शिकवते, तिथे मॅनेजरला नको, सेटरला बसवा. प्रोग्रॅमिंग किंवा टूलिंग खोलात शिकवायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्था आहेत. परत आलेल्याने आठवड्याच्या आत शॉपमध्ये एक तास शिकवायचं, ही अट जाण्याआधीच घाला.

८. अप्रेंटिस घ्यायचे असतील तर

अप्रेंटिस कायदा १९६१ सालचा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के, आणि मोजताना कंत्राटी माणसंही धरायची. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये इतका वाटा उचलतं. तो थेट मुलाच्या खात्यात जातो. विद्यावेतनाचा किमान दर शिक्षणानुसार ठरतो. करार करण्याच्या दिवशी सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा दर पाहा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

मुलाकडून घ्यायचं: आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, गुणपत्रिका, आयटीआयचं प्रमाणपत्र असल्यास तेही. आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आधी पाहा, अर्ज बहुतेकदा तिथेच अडकतात.

सगळ्यात मोठा खड्डा: करार पोर्टलवर नोंदवण्याआधी मुलाला कामाला लावणं. नोंदलेला करार नसेल तर कायद्याच्या नजरेत तो अप्रेंटिस नाही, साधा कामगार आहे, आणि मग किमान वेतनापासून पीएफपर्यंत सगळं लागू होतं. दुसरा खड्डा म्हणजे त्याला वर्षभर एकाच मशीनवर स्वस्त ऑपरेटर म्हणून ठेवणं. त्याला अभ्यासक्रम आहे, शेवटी परीक्षा आहे. करारात तसं लिहिलेलं नसेल तर त्याला नोकरी द्यायचं बंधन तुमच्यावर नाही, तसंच तुमच्याकडे थांबायचं बंधन त्याच्यावर नाही. तो थांबावा असं वाटत असेल तर खरंच शिकवा.

९. स्किल मॅट्रिक्स: भिंतीसाठी नको, शिफ्ट लावण्यासाठी

उभ्या रकान्यात माणसं, आडव्यात मशीन किंवा कामं. प्रत्येक चौकटीत चौकोनाच्या जितक्या बाजू भरतील तितकी पातळी. एक रेघ, आय: शिकतो आहे. दोन, एल: देखरेखीखाली करतो. तीन, यू: एकटा करतो. बंद चौकोन, ओ: दुसऱ्याला शिकवतो. यूच्या खालचा माणूस रात्रपाळीला एकटा लावायचा नाही, हा एकच नियम पाळला तरी मॅट्रिक्सचे पैसे वसूल होतात.

आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ७.२ मध्ये माणूस सक्षम असल्याचा पुरावा मागितला आहे. त्यासाठी अनेक ठिकाणी ऑडिटच्या आदल्या रात्री सगळ्या चौकटी भरल्या जातात. मुरलेला ऑडिटर हे एका मिनिटात पकडतो: मॅट्रिक्सवर 'यू' असलेल्या माणसाकडे जातो आणि विचारतो, "गो गेज अडकला तर काय कराल?" म्हणून प्रत्येक चौकटीमागे तारीख आणि चाचणीचा कागद हवा. सहा महिने त्या मशीनवर काम केलं नसेल तर पातळी एकने खाली आणा. माणसं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

१०. शिकला की नाही, हे कशावरून

प्रशिक्षण कसं वाटलं, हा फॉर्म भरून घेऊ नका. "छान" शिवाय काही येत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्या अजून कामाच्या आहेत: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, आणि धंद्याला फरक पडला का. छोट्या शॉपने पहिली सोडून द्यावी. दुसरी ३० पीसच्या चाचणीत कळते. तिसरीसाठी पंधरा दिवसांनी, न सांगता, दहा मिनिटं लांबून पाहा: स्टॉपर पुसतो का, गरम पीस तपासतो का. चौथीसाठी ऑपरेटरवार रिजेक्शन लिहा, मशीनवार लिहून भागत नाही.

आणखी एक आकडा पाहा: पहिल्या महिन्यात त्याने स्वतःहून मशीन किती वेळा थांबवलं. चार-पाच वेळा थांबवून सेटरला बोलावलं असेल आणि त्यातले दोन प्रसंग खोटे निघाले असतील, तर चिंता नाही. एकदाही थांबवलं नसेल तर जाऊन पिवळी क्रेट पाहा. तीही रिकामी असेल तर चांगल्या पीसची क्रेट उलटी करून तपासा.

ग्राहकाची तक्रार आली की सुधारणेच्या रकान्यात "ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले" असं लिहायची जुनी सवय आहे. लिहिण्याआधी त्या ऑपरेटरला तेच काम करून दाखवायला सांगा. जमलं नाही, तर प्रशिक्षण द्या. बिनचूक करून दाखवलं, तर त्याला येत होतं. बिघाड दुसरीकडे आहे. दिवा अंधूक असेल, गेज घासलेला असेल, दोन मशीन एकालाच दिल्याने गार व्हायला वेळच मिळत नसेल. स्टॉपरवर वारंवार चिप राहत असेल तर सपाट तोंडाचा स्टॉपर काढून तीन छोट्या टेकूंचा बसवा आणि त्यातून हवेचा झोत द्या. त्यानंतर पायरी १ चा कागद बदला, जुना फाडा आणि तिन्ही शिफ्टच्या माणसांना नवा स्टॉपर मशीनपाशी नेऊन दाखवा.